विश्लेषण : वायरलेस सेट गाडीत बसवायचा, पण नेमका कुठे?

बिबट्याचा शोध असो, भीमेचा पूर असो की पालखीचा बंदोबस्त. शिरूर-दौंड पट्ट्यात फोर बाय फोर गाडीतला वायरलेस सेट आजही कामाचा आहे. मात्र तो आणि त्याची अँटेना चुकीच्या जागी बसली, तर महागडा सेटही ऐन वेळी मुका होतो. अपघातात तोच सेट जीवावरही बेतू शकतो. जागा निवडताना काय पाहायचे, याचा हा आढावा.

मोबाइलच्या काळात वायरलेस कशाला?

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत काही दिवसांच्या अंतराने तीन बळी गेले. त्यांत दोन लहान मुले होती. संतापलेल्या ग्रामस्थांनी वन खात्याची गाडी पेटवून दिली, रास्ता रोको झाला. त्यानंतर पिंजरे, ड्रोन, नेमबाज अशी मोठी मोहीम उभी राहिली. घोड आणि कुकडी नद्यांच्या दरम्यानच्या या ‘बेट’ भागात ऊस दोन-अडीच माणूस उंच वाढतो. उसाच्या एका अंगाला उभ्या असलेल्या गाडीला दुसऱ्या अंगाची गाडी दिसत नाही.

अशा वेळी एकेकाला फोन लावत बसणे परवडत नाही. ‘उसातून बाहेर पडला, ओढ्याकडे चाललाय’ हे वाक्य पाचही गाड्यांना एकाच क्षणी ऐकू जायला हवे. वायरलेसचे बटण दाबले की ते होते. मोबाइलवर आधी नंबर शोधा, मग रिंग, मग ‘व्यस्त आहे’.

दुसरे कारण गर्दी. संत तुकाराम महाराजांची पालखी दौंड तालुक्यातून यवत, वरवंडमार्गे पुढे जाते, तेव्हा लाखो फोन मोजक्याच टॉवरवर तुटून पडतात. १ जानेवारीला कोरेगाव भीमा-पेरणे परिसरातही तेच. तिसरे कारण पूर. खडकवासला साखळीतून पाणी सुटले की दौंडजवळ भीमेचा विसर्ग किती, याकडे उजनीपर्यंत सगळ्यांचे लक्ष लागते. वीज गेली, टॉवरची बॅटरी उतरली की नदीकाठच्या गावांत मोबाइल खेळणे होऊन बसतो.

म्हणूनच पोलीस, वन खाते, राज्य राखीव पोलीस दल यांनी बिनतारी यंत्रणा सोडलेली नाही. राखीव दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ दौंडमध्येच आहेत, तर राज्य पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागाचे मुख्यालय पुण्यात. अलीकडे डोंगरदऱ्यांत गाड्या नेणाऱ्या हौशी मंडळींमध्येही वायरलेसचे वेड वाढले आहे. गाड्या नव्या, सेट नवे. बसवण्याची पद्धत मात्र अनेकदा ‘जिथे जागा दिसली तिथे स्क्रू मारला’ अशीच.

गाडीत कोणताही सेट बसवता येतो का?

नाही. जागेच्या आधी परवान्याचा प्रश्न येतो, आणि त्यात बरेच जण फसतात. ऑनलाइन दुकानांतून स्वस्तात मिळणारे अनेक वॉकी-टॉकी परवान्याशिवाय वापरणे बेकायदा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये अशा विक्रीबद्दल ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा दिल्या आणि पाठोपाठ मार्गदर्शक तत्त्वेही आली.

परवान्याशिवाय वापरता येतील असे दोन मार्ग सामान्य माणसाला उपलब्ध आहेत. पहिला ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा. हे अर्ध्या वॉटचे हातातले सेट. त्यांची अँटेना सेटलाच कायमची जोडलेली असावी लागते, म्हणजे टपावरच्या अँटेनाला ते जोडायचेच नसतात. त्यामुळे गाडीत ‘बसवण्याचा’ प्रश्नच येत नाही. एकामागे एक जाणाऱ्या चार गाड्यांना आपसांत बोलायला ते पुरतात. दुसरा मार्ग २७ मेगाहर्ट्झच्या सिटिझन बँडचा, २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, कमाल ५ वॉट. तो गाडीत बसवता येतो, पण त्याची अडचण वेगळी आहे. ती पुढे अँटेनाच्या भागात येईल.

तिसरा मार्ग हॅम रेडिओचा. वय १२ पूर्ण असलेल्या कोणालाही परीक्षा देऊन दूरसंचार विभागाचा परवाना मिळवता येतो. पण हॅमने दुसऱ्या परवानाधारक हॅमशीच बोलायचे. ऊसतोडीच्या टोळीला निरोप द्यायला किंवा धंद्याच्या कामाला तो चालत नाही. पोलीस, वन खाते, कारखाने यांना स्वतंत्र परवाना आणि ठरवून दिलेली फ्रिक्वेन्सी असते.

शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे, हेही या भागातल्या लोकांनी ध्यानात ठेवावे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आकाशातून येणारे अत्यंत क्षीण रेडिओ संकेत ऐकत असतात, आणि त्यांतला बराच भाग आपल्या वायरलेसच्याच पट्ट्यात येतो. तिथे विनापरवाना सेट वाजवणे म्हणजे कोणाच्या तरी कानाशी ढोल बडवणे.

डॅशबोर्डवर ठेवला तर काय बिघडते?

सगळ्यात सोपी दिसणारी आणि सगळ्यात वाईट जागा हीच. कारणे तीन.

एक, ऊन. दौंडचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढे जातो. बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. बहुतेक गाडी-सेट ६० अंशांपर्यंतच काम करण्यासाठी बनवलेले असतात. स्क्रीन काळी पडणे, बोलताना सेट आपोआप कमी शक्तीवर जाणे, ही त्याची पहिली लक्षणे.

दोन, एअरबॅग. चालकाची एअरबॅग २०१९ पासून आणि शेजारच्या प्रवाशाची २०२१ पासून नव्या प्रवासी गाड्यांत टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. शेजारची एअरबॅग डॅशबोर्डच्या वरच्या भागातूनच फुटते. तिच्या झाकणावर किंवा वाटेत सेट असेल तर ती त्याला डोळ्याची पापणी लवायच्या आत प्रवाशाच्या चेहऱ्यावर भिरकावते. जीव वाचवायला बसवलेली वस्तूच मग घात करते.

तीन, धडक. एअरबॅग नसलेल्या जुन्या गाडीतही सुटा सेट धोकादायकच. साधारण सव्वा किलोचा सेट ताशी ५० किलोमीटरच्या वेगात सुटला, तर त्याचा मार सुमारे १० मीटरवरून, म्हणजे जवळपास तिसऱ्या मजल्यावरून, डोक्यावर पडलेल्या सेटइतका असतो. दुतर्फी टेप आणि प्लास्टिकच्या पट्ट्या तिथे टिकत नाहीत. लोखंडी ब्रॅकेट, चार नट-बोल्ट आणि त्यामागे धातूचा आधार हवा.

मग योग्य जागा कोणती?

गाडीत बसून, सीटबेल्ट लावून, हात पुढे करून पाहावे. सेट कागदावर कुठे छान दिसतो यापेक्षा बांधलेल्या माणसाचा हात कुठे पोहोचतो, हे महत्त्वाचे.

गिअरजवळच्या मधल्या कन्सोलची जागा पुष्कळांना आवडते. ती चालक आणि शेजारी, दोघांनाही हाताशी असते. पण फोर बाय फोर गाडीत तिथे आणखी एक दांडा असतो. थार, जिम्नी किंवा जुनी जिप्सी. चिखलात अडकल्यावर ‘फोर लो’ टाकायचा दांडा याच भागात. सेट बसवण्याआधी दोन्ही दांडे प्रत्येक स्थितीत टाकून पाहावेत. काही गाड्यांत त्या दांड्याचा शेवटचा टप्पा अंगठ्याच्या रुंदीने सेटला अडतो, आणि हे नेमके ओढ्यात कळते. याच कन्सोलच्या खाली अनेक गाड्यांत एअरबॅगचा नियंत्रक बसवलेला असतो. तिथे न पाहता ड्रिल चालवणारा इलेक्ट्रिशियन गाडीच्या धन्याला मोठ्या बिलात उतरवू शकतो.

डॅशबोर्डच्या खाली, शेजारच्या सीटच्या गुडघ्यांपुढे सेट लटकवणे ही पोलीस गाड्यांची जुनी पद्धत. सावली मिळते, हात पोहोचतो. पण धडकेत गुडघे पुढे सरकतात ते नेमके तिथेच. लावायचाच असेल तर मधोमध, दोघांच्या गुडघ्यांच्या मध्ये लावावा आणि कोपरे बाहेर येऊ देऊ नयेत.

सीटखाली जागा भरपूर वाटते. तिथे मात्र धूळ, पाय पुसायच्या चटईवरचा चिखल आणि ओढा ओलांडताना शिरणारे पाणी, असा तिहेरी मारा. शिरूर-दौंडमध्ये काळ्या मातीचा चिखल वाळला की सिमेंटसारखा बसतो आणि सेटच्या पंख्याची जाळी बुजवतो. सीटखालीच ठेवायचा असेल तर जमिनीपासून दोन-तीन इंच उंच ब्रॅकेटवर ठेवावा आणि सीट पूर्ण पुढे-मागे करून वायर रुळात सापडत नाही ना, हे पाहावे.

छताजवळ, दोन सन-व्हायझरच्या मध्ये सेट लावण्याची फॅशन ट्रक आणि मोहिमेच्या गाड्यांकडून आली. तिथे धूळ-पाणी पोहोचत नाही. पण खड्ड्यात गाडी आपटली की डोके आपटण्याची हीच जागा. पडदा-एअरबॅग असलेल्या गाड्यांत छताच्या कडेला हात लावू नये हे वेगळेच.

या सगळ्यावरचा चांगला तोडगा सेट बनवणाऱ्यांनीच काढला आहे. अनेक सेटचे तोंड, म्हणजे बटणे आणि स्क्रीन, सुटे होते आणि वायरने दूर नेता येते. जड, गरम होणारे धड मागच्या भागात, चाकाच्या कमानीवर किंवा मागच्या सीटच्या पाठीमागे घट्ट बसवायचे. पुढे राहते ते फक्त दोन-तीनशे ग्रॅमचे तोंड, माइक आणि वेगळा स्पीकर. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्येही सेट पिछाडीलाच बसवत. त्याला तेव्हा कारण सेटच्या आकाराचे होते, पण जागा चुकीची नव्हती. चार हजार रुपये वाचवायला साधा सेट घेण्यापेक्षा सुट्या तोंडाचा सेट घेणे केव्हाही श्रेयस्कर.

माइक आणि स्पीकर : दुर्लक्षित जोडी

सेटची जागा ठरवताना तासभर चर्चा होते आणि माइकचा हुक शेवटी उरलेल्या स्क्रूने कुठेतरी मारला जातो. खरे तर दिवसातून शंभर वेळा हात जातो तो माइककडे. त्याची गुंडाळीदार वायर स्टिअरिंग किंवा गिअरच्या वाटेत येता कामा नये. गाडी चालवताना हातात धरून वापरायच्या संपर्क साधनांबाबत मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये स्पष्ट तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कच्च्या रस्त्यावर एका हाताने गाडी आणि दुसऱ्या हाताने माइक, हे धाडस कशाला? माइक शेजारच्या माणसाच्या बाजूला लावावा. चालक एकटा असेल तर गाडी थांबवून बोलावे.

स्पीकरचे गणित उलटे. तो चालकाच्या कानाजवळ हवा. बहुतेक सेटचा स्पीकर वरच्या किंवा खालच्या बाजूला असतो. सेट सीटखाली गेला की आवाज गालिच्यात मुरतो. डिझेल इंजिन, उघड्या खिडक्या आणि कच्चा रस्ता यांच्या आवाजात शब्द कळत नाहीत. लोक मग आवाज पूर्ण वाढवतात आणि तो फाटतो. चालकाच्या डोक्यामागे, मधल्या खांबावर छोटा बाहेरचा स्पीकर लावला की निम्म्या आवाजात काम होते.

वन खात्याच्या गाडीत आणखी एक गोष्ट हवी, ती म्हणजे स्पीकर झटक्यात बंद करणारा खटका. भुलीचे इंजेक्शन मारण्यासाठी पथक दबा धरून बसलेले असताना गाडीतून ‘हॅलो, ऐकतोय का’ असा आवाज आला तर जनावर पुन्हा उसात.

अँटेना : खरा खेळ इथे आहे

सेट ५० वॉटचा की २५ वॉटचा, यावर माणसे वाद घालतात. फरक पडतो तो अँटेनाच्या जागेने. हातातला वॉकी-टॉकी बंद गाडीत बसून वापरला की चारी बाजूंचा पत्रा लहरी अडवतो. त्याच शक्तीची अँटेना टपावर गेली की अंतर लगेच वाढते.

अँटेनाची लांबी फ्रिक्वेन्सीवर ठरते. ३०० ला मेगाहर्ट्झने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. साध्या अँटेनाला तिचा चौथा भाग लागतो. पोलीस, वन खाते वापरतात त्या १५० मेगाहर्ट्झच्या आसपास ही लांबी सुमारे ५० सेंटिमीटर. ४५० मेगाहर्ट्झला जेमतेम १७ सेंटिमीटर. आणि २७ मेगाहर्ट्झच्या सिटिझन बँडला? तब्बल पावणेतीन मीटर. हीच ती अडचण. बाभळीच्या फांद्या आणि विजेच्या लोंबत्या तारांखालून एवढी काठी घेऊन कोण जाणार? मग गुंडाळी घातलेली आखूड अँटेना वापरतात आणि ५ वॉटांतला बराच भाग तिथेच गमावतात.

पण ही काठी म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे तिच्या खालचा पत्रा. अँटेनाच्या चहूबाजूंना तिच्या लांबीइतका धातू असेल तर लहरी सगळ्या दिशांना सारख्या जातात. १५० मेगाहर्ट्झला ५० सेंटिमीटर त्रिज्येचा पत्रा हवा, आणि तो सहज मिळतो टपाच्या मध्यावर. म्हणून टपाचा मध्य ही पहिल्या क्रमांकाची जागा. आतल्या माणसांनाही तीच सुरक्षित, कारण टपाचा पत्रा त्यांच्यासाठी ढालीचे काम करतो.

आता गाडी पाहा. बोलेरो, गुरखा, जिम्नीचा टप लोखंडी. २०२० नंतरच्या तीन दरवाजी थारचा टप मात्र कापडी किंवा फायबरचा. त्यावर अँटेना लावली तर खाली पत्राच नाही. सनरूफ असलेल्या गाड्यांत मधली जागा काचेने खाल्लेली. खात्री करायची साधी युक्ती म्हणजे फ्रिजवरचे चुंबक टपावर लावून पाहणे. चिकटले तर लोखंड.

टप उपयोगाचा नसेल तर बॉनेटच्या कडेला पकड लावून अँटेना बसवतात. काम होते, पण लहरी एकांगी होतात. डाव्या पुढच्या कोपऱ्यावर अँटेना असेल तर गाडीचा बहुतेक पत्रा तिच्या उजव्या-मागच्या दिशेला असतो, आणि साधारण त्याच दिशेला जोर जास्त पडतो. न्हावरे फाट्यावर संपर्क तुटत असेल तर गाडी वळवून उभी करून पाहावी. कधी कधी तेवढ्यानेच आवाज येतो. बॉनेटवरची अँटेना माणसांच्या जवळ आणि काचेसमोर येते, म्हणून तिथे शक्ती कमी ठेवणे बरे. दुसरा उपाय म्हणजे अर्ध्या लहरीची, पत्रा न मागणारी अँटेना. ती लांब असते, पण मागच्या स्टेपनीच्या ब्रॅकेटवरही चालते.

चुंबकाची अँटेना की भोक पाडून?

टपाला भोक पाडायचे म्हटले की नव्या गाडीच्या मालकाच्या पोटात गोळा येतो. साहजिक आहे. चुंबकाच्या बुडाची अँटेना त्यासाठीच लोकप्रिय. हौशी वापराला ती ठीक. रोजच्या कामाच्या गाडीला नाही. बुडाखाली शिरलेली धूळ पॉलिश पेपरसारखी रंग घासते. उसाच्या पाचटात किंवा बाभळीच्या फांदीला अडकली की अँटेना लोंबकळत खिडकीवर आपटते. तिची केबल दाराच्या रबरातून आत येते. दार रोज दाबून ती चपटी होते आणि पावसाचे पाणी तिच्यावरून थेंब थेंब सीटवर उतरते.

भोक पाडून बसवलेल्या अँटेनाला हे त्रास नाहीत. अट एवढीच, की भोकाच्या कडेचा रंग फक्त आतल्या बाजूने खरवडून तिथे धातूला धातू लागला पाहिजे, आणि बाहेरून रबरी वॉशर चोख बसला पाहिजे. रंग न खरवडता बसवलेल्या अँटेनाला पत्रा असूनही मिळत नाही. हा दोष गॅरेजमध्ये वारंवार दिसतो. आधी मात्र आतले छताचे कापड उतरवून, खाली आडवी पट्टी, दिव्याची वायर किंवा एअरबॅग नाही ना, हे बघावे लागते. बसवण्याच्या कामातला सर्वाधिक वेळ याच तपासणीला जायला हवा.

केबलची लांबीही हिशेबात घ्यावी. सर्रास मिळणाऱ्या आरजी-५८ जातीच्या पाच मीटर केबलमध्ये १५० मेगाहर्ट्झला सुमारे २० टक्के शक्ती जिरते, ४५० मेगाहर्ट्झला जवळपास एक तृतीयांश. उरलेली केबल सीटखाली वेटोळे करून ठेवण्यापेक्षा मापात कापून नवा कनेक्टर लावणे चांगले.

किती लांब ऐकू जाईल?

विक्रेता ‘५० किलोमीटर’ सांगेल. जमिनीचा गोलावा तेवढे ऐकत नाही. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढायचे आणि ४.१२ ने गुणायचे. तेवढे किलोमीटर तिचे क्षितिज. दोन मीटर उंचीच्या अँटेनाचे क्षितिज पावणेसहा किलोमीटर. तशाच दोन गाड्या एकमेकींशी सपाट मैदानात साधारण साडेअकरा किलोमीटरपर्यंत बोलू शकतील. ठाण्याचा मनोरा ३० मीटरचा असेल तर गाडी आणि ठाणे यांच्यात २८ किलोमीटर. हे मोकळ्या जागेचे उत्तर झाले.

शिरूर-दौंडमध्ये मोकळी जागा प्रकाराप्रकाराची आहे. पाबळ-कान्हूर मेसाईचा उंचसखल कोरडा भाग, बेट भागातले ऊस आणि नदीकाठचे उतार, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतले लोखंडी शेड. भीमेपलीकडे केडगाव-पाटसचा सपाट उसाचा पट्टा. पावसात भिजलेला ऊस लहरी शोषतो, आणि ४५० मेगाहर्ट्झच्या लहरी १५० पेक्षा जास्त शोषल्या जातात. कुकडीच्या खोल पात्रात, निघोज-टाकळी हाजीच्या रांजणखळग्यांजवळ उतरलेली गाडी वरच्या गाडीला ऐकू न येणे अगदी शक्य आहे. तिथे वॉट वाढवून उपयोग होत नाही. एक गाडी काठावर उंच जागी ठेवून तिच्यामार्फत निरोप द्यावा लागतो.

वायर कुठून ओढायची?

हा भाग कंटाळवाणा आहे, आणि गाड्या पेटतात त्या याच्यामुळे. ५० वॉटचा सेट बोलताना १०-१२ अँपिअर खेचतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून तो चालवू नये. सॉकेटची वायर फार तर छोट्या सेटला पुरते. मोठ्या सेटची वायर थेट बॅटरीपासून आणावी, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा. फ्यूज सेटजवळ लावला तर मधल्या चार मीटर वायरला संरक्षणच राहत नाही. इंजिनाच्या भिंतीतून वायर आत घेताना रबरी ग्रोमेट हवाच. कंपनाने पत्र्याची धार वायरचे आवरण कापते.

जाडीचा हिशेब सोपा आहे. बॅटरीपासून सेट पाच मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबे. १२ अँपिअरला दीड चौरस मिलिमीटर वायरमध्ये सुमारे १.४ व्होल्ट वाटेतच हरवतात, अडीचमध्ये ०.८, चारमध्ये अर्धा. इंजिन बंद असताना बॅटरीवर मुळात साडेबारा व्होल्टच असतात. त्यातले दीड गेले की ऐकू येते, पण बोलायला बटण दाबताच सेट बंद पडतो. लोक मग सेट दुरुस्तीला पाठवतात. किमान चार चौरस मिलिमीटर वायर टाकावी.

नव्या गाड्यांत एक मेख आहे. सिग्नलवर इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर एक छोटा सेन्सर असतो. सेटची निगेटिव्ह वायर थेट त्या टोकाला लावली तर गाडीच्या संगणकाचा बॅटरीचा हिशेब चुकतो. ती बॅटरीजवळच्या सांगाड्याच्या बोल्टला लावावी. गाडीची मूळ वायर कापून जोड दिल्यास वॉरंटीवरून वाद होऊ शकतो.

सेट नुसता ऐकत असला तरी अर्धा अँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-तास. ६० च्या बॅटरीची गाडी तीन दिवस उभी राहिली तर अर्ध्याहून जास्त बॅटरी त्यातच जाते. म्हणून चावीबरोबर बंद होणारा रिले लावतात. पहाऱ्यावर इंजिन बंद करून सेट चालू ठेवावा लागणाऱ्या गाड्यांसाठी मात्र वेगळा खटका ठेवावा, नाहीतर रात्रभर चावी चालू ठेवण्याची वेळ येते.

बसवल्यावर काय तपासायचे?

इलेक्ट्रिशियनकडून गाडी घेण्याआधी अँटेनावर एसडब्ल्यूआर मीटर लावून घ्यावा. सेटने पाठवलेली शक्ती अँटेना किती स्वीकारते आणि किती परत फेकते, हे तो सांगतो. दीडच्या आत आकडा उत्तम. दोनच्या वर गेला तर दोष शोधावा. तीनच्या वर सेट चालवूच नये, त्याचा शेवटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो. हे मापन दारे-बॉनेट बंद करून, गाडी मोकळ्या मैदानात उभी करून घ्यावे. शेडमध्ये घेतलेला आकडा फसवा असतो.

मग इंजिन, दिवे, वायपर, पंखा सगळे चालू करून ऐकावे. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू आली तर ती अल्टरनेटरची. बहुधा निगेटिव्ह जोड सैल असतो. बोलण्याचे बटण दाबल्यावर डॅशबोर्डवर एखादा दिवा उगाच लागला, तर केबल गाडीच्या संगणकाच्या वायरगुच्छाला चिकटून गेली आहे. ती निदान वीतभर लांब हलवावी.

विहिरीचे किंवा खाणीचे काम चालू असेल तिथे मात्र चाचणी घेऊ नये. सुरुंगाचे विजेवर उडणारे कॅप रेडिओ लहरींनीही उडू शकतात. सुरुंगाच्या जागेजवळ वायरलेस बंद ठेवण्याच्या सूचना त्यासाठीच असतात. पेट्रोल पंपावरही बोलणे टाळावे.

शेवटी रोजच्या वाटेवर एक फेरी. शिरूरहून न्हावरे, तिथून मांडवगण फराटा, नदी ओलांडून दौंड. दर दोन-तीन किलोमीटरवर थांबून ठाण्याशी बोलावे आणि आवाज कसा आला, याची वहीत नोंद करावी. जिथे संपर्क तुटतो त्या जागा नकाशावर खुणेने दाखवून गाडीतच ठेवाव्यात. एकदा कोरड्या उन्हाळ्यात आणि एकदा ऊस उभा असताना पावसाळ्यात अशी फेरी घेतली की दोन नकाशे जुळत नाहीत, हे दिसते. गाडी विकायची वेळ आली तर टपाच्या भोकावर बसणारे रबरी टोपण बाजारात मिळते. ते सेट बसवतानाच आणून ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकून ठेवावे.